कुंडीतली फरसबी, वाफ्यातलं बीट

फरसबीच्या बियांचं पाकीट उचलण्याआधी वाण झुडपी की वेली, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का कोमल’ झुडपी; गॅलरीतल्या कुंडीतही भागतो. ‘केंटकी वंडर’ला मात्र मांडव किंवा सुतळी हवीच, पण तोडे जास्त दिवस मिळतात.

दाणे हवे असतील तर भौगोलिक मानांकन मिळालेला कोरेगावचा वाघ्या घेवडा!

बिटात ‘डेट्रॉइट डार्क रेड’ भरवशाचं. त्याचं खरखरीत ‘बी’ म्हणजे अनेक बियांचा गोळा. एकातून दोन-चार रोपं उगवतात. जिवावर आलं तरी जोमदार एक ठेवून बाकीची कात्रीने छाटावीत, नाहीतर कंद पोसत नाही. छाटलेला कोवळा पाला भाजीत खपतो. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी.