फांदीचे झाड का होत नाही?

जास्वंदीची फांदी कापून ओल्या मातीत खोचली की काही महिन्यांत नवे झुडूप उभे राहते. मग दुर्मीळ झाडे वाचवणे सोपेच की! फांद्या कापाव्या आणि लावत सुटावे. पण प्रत्येक झाड याला राजी नसते.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनिया ही बेटे आहेत. अरौकेरिया या सूचिपर्णी प्रजातीच्या जगातील 20 जातींपैकी 14 फक्त तेथेच आढळतात. (आपल्या बागांतील ‘ख्रिसमस ट्री’ बहुधा याच प्रजातीचा असतो.) त्यांपैकी अरौकेरिया निमोरोसा ही जाती मुख्य बेटाच्या दक्षिण टोकाला थोड्याशा जागेत तग धरून आहे.

अरौकेरियाची आडवी फांदी कापून लावली तर तिला मुळे फुटू शकतात. पण ती वाढते आडवीच. वर्षे लोटली तरी ताठ खोड मिळत नाही. शेंड्यातील आणि फांदीतील पेशींची जनुके तीच असतात. तरीही फांदीच्या टोकाची वाढणारी ऊती ‘मी फांदी आहे’ ही ओळख सोडत नाही. कापलेला शेंडा, किंवा शेंडा कापल्यावर खोडावर फुटणारे उभे कोंब लावले, तरच रोप सरळ वाढते. म्हणजे सरळ रोपासाठी मूळ झाडाच्या शेंड्यावर घाव घालावा लागतो. शिवाय अशी सगळी रोपे त्या एकाच झाडाच्या नकला!

राहिले बी. ते वाळले की त्याची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून ताजेच पेरावे लागते. अशा घाईत हाताशी येईल त्याच झाडाखालचे बी वेचले जाण्याची शक्यता असते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निमोरोसाची रोपवाटिकेतील रोपे आणि रानातील झाडे यांची जनुकीय तुलना केली होती. रोपवाटिकेतील रोपांत विविधता कमी आणि अंतःप्रजनन अधिक आढळले. नुसती रोपे मोजून हे कळले नसते. उपाय साधा आहे: पुष्कळ झाडांचे थोडे थोडे बी घ्यावे आणि प्रत्येक रोपाच्या मातृवृक्षाची नोंद ठेवावी.

शाळेच्या वृक्षारोपणातही हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारा: आपली शंभर रोपे नेमकी किती झाडांची लेकरे आहेत?