मुळावर उठलेली पाहुणी

या, असे जवळ बसा, आणि तो कंदील जरा इकडे सरकवा. आज एका द्राक्षवेलाची गोष्ट सांगतो. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली १८५३ साली, ठाऊक आहे ना? हा वेल तिच्याही आधी दहा वर्षं, म्हणजे १८४३ साली लावला असं मानतात. अजून उभा आहे, आणि आपली होळी येते त्या सुमारास, तिकडचा उन्हाळा सरता सरता, घड देतो!

तिकडे म्हणजे ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या ईशान्येला, बरोसा खोऱ्यात. धर्मापायी गाव सोडून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी तिथे शिराझ, ग्रनाश असल्या जाती लावल्या. मांडव नाही, तारा नाही. कमरेएवढं खोड, तेही पिळलेलं, जुनाट बाभळीच्या बुंध्यासारखं. आणि थंडीत हा गडी गाढ झोपतो. आपल्या नाशकाकडचा वेल बिचारा झोपतो कुठे? एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, वर्षातून दोनदा कात्री!

पण एवढं वय कशानं मिळालं, तर एक पाहुणी आलीच नाही म्हणून. फायलोक्झेरा तिचं नाव, माव्याच्या गोतातली, पिवळट, मोहरीच्या दाण्याहून बारीक. नराची वाट न बघता एकटीच अंडी घालते, आणि द्राक्षाच्या मुळांना सोंड लावून बसते. मुळावर उठणं म्हणतात ते हेच बघा. मुळाला गाठी येतात, मग ती कुजतात, आणि वरचा वेल तहानेनं सुकत जातो, मालक मात्र पानंच तपासत बसलेला! ही अमेरिकेची रहिवासी. तिथल्या रानवेलींना तिची सवय, दंश झाला की त्या जखम बुजवून मोकळ्या होतात. १८६०च्या दशकात ती फ्रान्सात उतरली आणि तिनं मळेच्या मळे झोपवले. शेवटी तोड निघाली ती अशी, की मूळ अमेरिकेचं ठेवायचं आणि त्यावर आपल्या जातीचं कलम बांधायचं. आपल्याकडचा डॉगरिजचा खुंटही अमेरिकेचाच, फक्त आपण तो लावतो खारट जमिनीसाठी आणि पाण्याच्या ओढीसाठी.

१८७७ साली ती ऑस्ट्रेलियातही सापडली, पलीकडच्या व्हिक्टोरियात, जीलाँगला. बरोसाच्या राज्यानं मात्र वेशीवरच दार लावलं, बाहेरची रोपं-काड्या बंद केल्या, म्हणून तिथले म्हातारे आजही स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. घड थोडे, मणी बारीक, पण रस असा दाट, की शिराझची वाइन काळसर जांभळी होते. मनुका आणि मिरीची आठवण येते म्हणतात. मी माळकरी, मला काय कळणार!

आणि गंमत ऐका. किड्याला जमलं नाही ते माणसानं करायला घेतलं. १९८०च्या दशकात वाइनला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा सरकारनंच वेल उपटणाऱ्याला पैसे दिले, आणि त्यात कितीतरी जुने बुंधे गेले. उरलेल्यांची किंमत मग कळली. २००९ साली बरोसावाल्यांनी वयाच्या पायऱ्या ठरवल्या: पस्तिशी ओलांडली की ‘जुना’, सत्तरी गाठली की ‘तगलेला’, शंभरी भरली की ‘शतायुषी’, आणि सव्वाशेच्या पुढे थेट ‘पूर्वज’!

आता ती पाहुणी बुटाच्या मातीतून नाहीतर ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून येऊ शकते, म्हणून बाहेरून आलेल्यानं पादत्राणं स्वच्छ केल्याशिवाय मळ्यात शिरायचं नाही. आमची आईही पाय धुतल्याशिवाय कुणाला ओसरीवर चढू देत नसे, आणि आम्ही पोरं उगाच तिला नावं ठेवायचो.