फॉरेन की लावली, पण इंडेक्स?

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनो, हे नक्की तपासा. प्रायमरी की किंवा युनिक कन्स्ट्रेंट लावलं की पोस्टग्रेस त्यासाठी इंडेक्स आपणहून तयार करतं. फॉरेन की असलेल्या कॉलमवर मात्र करत नाही! मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये तो आपोआप बनतो, त्यामुळे तिकडून येणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते.

समजा, 'ग्राहक' आणि 'ऑर्डर' अशी दोन टेबलं आहेत. ऑर्डरमधला 'ग्राहक आयडी' ही फॉरेन की. एखादा ग्राहक डिलीट करताना त्याची ऑर्डर शिल्लक नाही ना, हे डेटाबेस बघतो. इंडेक्स नसेल तर त्यासाठी अख्खं ऑर्डर टेबल धुंडाळावं लागतं. लाखो रो असतील तर एक साधी डिलीटही रखडते.

शंका आली तर 'एक्सप्लेन ॲनालाइझ' चालवा. लक्षात घ्या, ते क्वेरी खरोखर चालवतं. म्हणून डिलीट तपासताना आधी 'बिगिन' आणि शेवटी 'रोलबॅक' हवंच.

दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स नको, कारण प्रत्येक इन्सर्टला तोही अपडेट होतो. कन्स्ट्रेंट लावताना मात्र हात आखडू नका. ॲपच्या कोडमधून निसटलेला चुकीचा डेटा तिथेच अडतो.

तुमच्या टेबलांमध्ये अशी इंडेक्स नसलेली फॉरेन की आहे का? आजच बघा!

#पोस्टग्रेस #डेटाबेस #एसक्यूएल