थकलेल्या पोटगीची पन्नास वर्षं

1 एप्रिल 1974 रोजी नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि तिचं कलम 125 तालुक्याच्या कोर्टापासून गावच्या पारापर्यंत पोचलं. 'एकशेपंचवीस टाकलीय' एवढं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नसे. या कलमाखाली मिळणाऱ्या पैशाला गावाकडे खावटी म्हणतात, शहरात पोटगी. 1 जुलै 2024 रोजी ती संहिता गेली, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि 125 चं 144 झालं. मधल्या पन्नास वर्षांत पोटगीचा हुकूम मिळवणं हळूहळू सोपं होत गेलं. हुकुमातली रक्कम मुलाच्या ताटापर्यंत पोचणं मात्र जवळजवळ होतं तेवढंच अवघड राहिलं. ज्या बापाला द्यायचंच नाही त्याला शोधायचं, गाठायचं आणि त्याच्याकडून वसूल करायचं हे काम कायद्याने पहिल्यापासून आईवर टाकलं. आजही ते तिच्याच अंगावर आहे.

याचं मूळ इंग्रजी अमदानीत आहे. 1898 च्या संहितेतलं कलम 488 लिहिणाऱ्यांना काळजी होती ती सुव्यवस्थेची. टाकलेली बाई आणि तिची मुलं रस्त्यावर येऊ नयेत, भीक मागत फिरू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. म्हणून दिवाणी हक्काची ही बाब फौजदारी कायद्यात बसवली गेली आणि रक्कमही जीव जगण्यापुरती ठरली: महिन्याला जास्तीत जास्त 50 रुपये. 1923 साली त्याचे 100 झाले, 1955 साली 500. 1974 मध्ये संहिता नवी आली, आकडा जुनाच राहिला. 1978 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही मर्यादा आई आणि मुलं मिळून सगळ्यांची नसून प्रत्येकाची वेगळी आहे, असा अर्थ लावला. त्या एका वाचनाने कित्येक घरांत दुधाचा रतीब सुरू राहिला असेल. महाराष्ट्राने 1999 मध्ये आपल्यापुरती मर्यादा 1500 वर नेली, आणि 2001 मध्ये संसदेने ती पार काढून टाकली. म्हणजे 1955 चे पाचशे रुपये केंद्राच्या कायद्यात 46 वर्षं टिकले. तेवढ्या काळात शाळेची फी, वह्या, औषधं, एसटीचं तिकीट कुठल्या कुठे गेलं, हे ज्यांनी पोरं वाढवली त्यांना विचारावं.

2001 च्या दुरुस्तीत आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं कायद्यात लिहिलं गेलं.

ऐंशीच्या दशकात पोटगी हा शब्द राजकारणात शिरला. 23 एप्रिल 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने शाहबानो खटल्याचा निकाल दिला. कलम 125 मुस्लिम घटस्फोटितांनाही लागू आहे, असं त्यात म्हटलं होतं. त्याच वर्षी मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा तलाकमुक्ती मोर्चा महाराष्ट्रात निघाला. 1986 च्या कायद्याने निकालाचा परिणाम उलटवायचा प्रयत्न केला आणि त्या गदारोळात मुलांचा प्रश्न बाजूलाच पडला. त्या कायद्यात मुलासाठी जन्मापासून फक्त दोन वर्षांची तरतूद होती. मुस्लिम मुलांचा कलम 125 खालचा हक्क सज्ञान होईपर्यंत शाबूत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये स्पष्ट केलं. इकडे 1988 साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली. ज्यांना नवऱ्याने सोडचिठ्ठीही दिली नाही आणि नांदवलंही नाही, अशा बायका तिथे उघडपणे बोलल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिली बायको हयात असताना केलेल्या दुसऱ्या बायकोला पोटगी नाकारली. पण अशा संबंधातून जन्मलेल्या मुलाचा हक्क मात्र त्याच सुमाराच्या दुसऱ्या निकालात कायम राहिला. मूल औरस की अनौरस हे कलम 125 विचारत नाही. या कायद्यातली मला सर्वांत माणुसकीची वाटणारी गोष्ट हीच.

1989 साली पुण्यात आणि मुंबईत कौटुंबिक न्यायालयं सुरू झाली. विवाह समुपदेशक आले, काळ्या कोटांचा दरारा थोडा कमी झाला. तालुक्याच्या ठिकाणी मात्र आजही हे अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, चोरी-मारामारीच्या खटल्यांच्या रांगेतच उभे असतात.

आता वसुलीकडे येऊ, कारण खरी कहाणी इथेच आहे.

हुकूम झाला, बापाने पैसे दिले नाहीत, की आईने थकबाकीचा वेगळा अर्ज करायचा. मग नोटीस, मग जप्तीचं वॉरंट, आणि तरीही पैसे आले नाहीत तर कैद. वॉरंट त्याच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जातं आणि बऱ्याचदा 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत येतं. पुढच्या तारखेपर्यंत नवा पत्ता शोधायची जबाबदारी आईची. पोटगीचा हुकूम तो माणूस देशात जिथे असेल तिथे बजावता येतो, ही सोय कायद्यात आहे. पण तो कुठे आहे हे कोर्टाला सांगायचं कोणी?

दुसरी अडचण मुदतीची. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर तेवढ्या काळासाठी वॉरंट निघत नाही. आई आजारी पडली, माहेरच्यांनी 'जरा थांब, तो सुधारेल' म्हटलं, किंवा वकिलाला द्यायला पैसे नव्हते, की सरलेलं वर्ष या मार्गाने हातचं जातं. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थोडा दिलासा दिला: वेळेत केलेला अर्ज चालू असताना पुढे थकत जाणाऱ्या रकमेसाठी दरवेळी नवा अर्ज लागत नाही.

तिसरी बाब कैदेची. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितलं की तुरुंगात बसल्याने देणं फिटत नाही. कैद हे वसुलीचं साधन आहे, देण्याचा मोबदला नव्हे. हा निकाल फार मोलाचा आहे, कारण 'महिनाभर आत बसतो, पण तिला एक दमडी देणार नाही' म्हणणारे पुरुष प्रत्येक कोर्टाने पाहिले आहेत. पण 1999 च्या निकालाने असंही ठरवलं की एका वेळी एका महिन्याहून जास्त कैद देता येणार नाही. तो बाहेर आला आणि तरीही दिले नाहीत, तर आईने पुन्हा अर्ज करायचा.

बुडवणाऱ्यांच्या युक्त्याही या पन्नास वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत. वॉरंट निघालं की दोन महिन्यांचे भरायचे, वॉरंट रद्द करून घ्यायचं आणि पुन्हा गप्प. नोकरी सोडल्याचं पत्र दाखवायचं, मग भावाच्या दुकानात 'मदतीला' जायचं. जमीन वडिलांच्या नावावर आहे, गाडी मेव्हण्याची आहे. 'नांदायला यायला तयार असेल तर आजच नेतो' असं न्यायाधीशांसमोर सांगायचं. कायद्यात ही अट बायकोच्या पोटगीपुरती आहे, मुलाच्या नाही, पण तेवढ्या वादात दोन-चार तारखा निघून जातात. आणि सगळ्यांत जिव्हारी लागणारी युक्ती म्हणजे मूल आपलं नाहीच असं म्हणणं. केवळ पोटगी टाळण्यासाठी रक्ततपासणीची मागणी सरसकट मान्य करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाला 1993 मध्ये सांगावं लागलं.

पगारदार माणूस त्यातल्या त्यात सापडतो. साध्या कर्जाच्या वसुलीत पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग दिवाणी कायदा सुरक्षित ठेवतो. पोटगीच्या हुकुमनाम्यासाठी मात्र फक्त एक तृतीयांश सुरक्षित असतो. घरगुती हिंसाचारविरोधी कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला आणि पैसे परस्पर बाईला द्यायचा किंवा कोर्टात भरायचा आदेश थेट मालकाला देण्याची सोय झाली. बँकेत, कारखान्यात, शाळेत नोकरी करणाऱ्याच्या बाबतीत ही तरतूद खरंच चालते. ठेकेदार, दलाल, टॅक्सीवाला, दुकानदार यांच्यापुढे तिचं काही चालत नाही.

4 नोव्हेंबर 2020 चा 'रजनीश विरुद्ध नेहा' हा निकाल या प्रवासातला मोठा टप्पा, आणि तो नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी दोन्ही पक्षांवर उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं ठरवलं आणि हुकूम दिवाणी हुकुमनाम्याप्रमाणेही वसूल करता येईल हे स्पष्ट केलं. पण त्याच खटल्याच्या तारखा पाहा: अर्ज 2013 चा, अंतरिम हुकूम 2015 चा, सर्वोच्च न्यायालयाचा शब्द 2020 चा. तान्हं मूल तोवर शाळेत जाऊ लागलं होतं.

हे असंच असावं लागतं असं नाही. जर्मनीत 1980 पासून मुलाची पोटगी बापाने थकवली तर सरकार ठराविक रक्कम स्वतः देतं आणि मग त्याच्याकडून वसूल करतं. 2017 पासून ही मदत अठराव्या वर्षापर्यंत मिळू शकते. अमेरिकेत 1975 च्या कायद्याने प्रत्येक राज्यात वसुलीची सरकारी यंत्रणा उभी राहिली. तिथे पगारातून रक्कम कापली जाते, करपरतावा अडवला जातो आणि थकबाकी अडीच हजार डॉलरच्या वर गेली तर पासपोर्ट नाकारला जातो. तिथल्या यंत्रणांवरही टीका होते. पण तिथे आई एकटी धावत नाही.

आपल्या सरकारकडे काय नाही? बापाचा पॅन आहे, भविष्यनिर्वाह निधीचं खातं आहे, सातबारा आहे, गाडीची नोंदणी आहे. हे सगळं एका खिडकीवरून मागवून घेण्याचा अधिकार पोटगीच्या कोर्टाला दिला आणि वसुलीसाठी जिल्ह्याला एक माणूस नेमला, तर यातल्या निम्म्या पळवाटा बंद होतील, असं मला मनापासून वाटतं. 2023 मध्ये संपूर्ण संहिता नव्याने लिहिली गेली, तेव्हा ही संधी होती. आईवडिलांना आपण राहतो तिथेच अर्ज करता यावा, अशी चांगली सुधारणा त्यात झाली. वसुलीचा भाग मात्र 144 मध्ये जसाच्या तसा उतरला: तीच एक वर्षाची मुदत, तीच एका महिन्याची कैद. मूल अठरा वर्षांचं झालं की या कलमाखालची त्याची चालू पोटगी सहसा थांबते, मग ते बारावीत असो की कॉलेजच्या पहिल्या वर्षात. आधी थकलेले पैसे तेव्हाही देणंच राहतात, आणि त्यांच्यासाठी तारखेला आईच उभी असते.