पूल बंद, प्रश्न चालू

१२ सप्टेंबर २०२५च्या रात्री परळ आणि प्रभादेवीला जोडणारा एल्फिन्स्टन पूल वाहनांसाठी बंद झाला. खरं तर ही वेळ काही महिने आधीच यायची होती. एप्रिलमध्ये वाहतूक पोलिसांनी हरकती आणि सूचना मागवल्या, पूल बंद करायची तयारी झाली. पण पुलालगतच्या इमारतींमधले रहिवासी रस्त्यावर उतरले आणि तारीख पुढे गेली. सँडहर्स्ट रोडचा हँकॉक, लोअर परळचा डिलाईल, अंधेरीचा गोखले, मशीद बंदरजवळचा कर्नाक, शीवचा पूल असे रेल्वेमार्गावरचे जुने पूल गेल्या दहा वर्षांत मुंबईत एकामागोमाग एक बंद झाले. प्रत्येक ठिकाणी नाक्यावर, सोसायटीच्या सभेत आणि बसथांब्यावर साधारण त्याच शंका ऐकू आल्या. त्यातल्या काही साफ चुकीच्या, काही अर्ध्या खऱ्या आणि काही पूर्णपणे रास्त आहेत. त्या निवडून वेगळ्या करायला हव्यात. चुकीच्या मुद्द्यावर भांडणाऱ्या रहिवाशांचा रास्त प्रश्नही यंत्रणेला सहज बाजूला सारता येतो.

सर्वांत जुनी समजूत म्हणजे, ‘इंग्रजांच्या काळातलं बांधकाम आहे, अजून पन्नास वर्षं हलायचं नाही.’ महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल इंग्रजांच्याच काळातला, १९२८चा, दगडी कमानींचा होता. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुराच्या लोंढ्यात तो वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन बसही गेल्या. काही आठवड्यांपूर्वीच त्याची पाहणी होऊन तो वाहतुकीला योग्य असल्याचं सांगितलं गेलं होतं. उलट गोखले पूल काही इंग्रजांचा नव्हे. तो १९७५ साली बांधलेला. ३ जुलै २०१८च्या सकाळी भर पावसात त्याचा पदपथ रुळांवर कोसळला. येणाऱ्या लोकलच्या मोटरमनने आणीबाणीचा ब्रेक लावला म्हणून अनर्थ टळला, तरी माणसं दगावलीच. पुलाचं आयुष्य केवळ तो कोणी आणि कधी बांधला यावर ठरत नाही. त्यावर किती भार चढत गेला, पदपथाखाली किती केबल आणि वाहिन्या कोंबल्या गेल्या, पाणी कुठे मुरलं, पोलाद कुठे गंजलं आणि ते कोणी वेळेवर पाहिलं का, यावर ते अवलंबून असतं.

याच्याच जोडीला दुसरी समजूत येते: ऑडिट झालं म्हणजे पूल सुरक्षित. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ला संध्याकाळच्या गर्दीत कोसळला, तेव्हा त्याचं ऑडिट झालेलं होतं. किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी वेगळी. काँक्रीटचे नमुने काढून, गंजलेल्या पोलादाची उरलेली जाडी मोजून, प्रत्यक्ष वजन ठेवून केलेली तपासणी वेगळी. त्यामुळे ‘ऑडिट झालं का?’ एवढं विचारून थांबण्यात अर्थ नाही. कोणत्या चाचण्या केल्या, कुठल्या भागापर्यंत तपासनीस पोहोचूच शकले नाहीत आणि अहवालाची प्रत कुठे मिळेल, हेही विचारलं पाहिजे.

मात्र पूल पाडण्याचं कारण नेहमी त्याचा कमकुवतपणाच असतो, असंही नाही. इथे अनेकांची गल्लत होते. मुंबईत १९२५ साली विजेवरची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसी प्रवाहावर. आता उपनगरी मार्गांवर २५ हजार व्होल्ट एसी प्रवाह आहे. दाब वाढला की ओव्हरहेड वायर आणि तिच्यावरचं बांधकाम यांच्यातलं अंतरही वाढवावं लागतं. जुने पूल त्या मानाने ठेंगणे. हँकॉक पूल जानेवारी २०१६मध्ये पाडला गेला, त्यामागे उंचीचं हे कारण होतं. शीवच्या पुलाला आणखी एक कारण जोडलं गेलं. मध्य रेल्वेची पाचवी आणि सहावी मार्गिका न्यायची, तर १९१२ सालच्या त्या पुलाखाली जागाच नव्हती. आयआयटी मुंबईने तो धोकादायक ठरवला होता हे खरंच. पण समजा तो धडधाकट असता, तरी त्याला हटवावंच लागलं असतं. ही दोन कारणं रहिवाशांना वेगवेगळी सांगितली गेली असती, तर ‘पूल चांगला आहे, उगाच पाडताहेत’ हा वाद निम्म्याने कमी झाला असता.

एल्फिन्स्टनच्या बाबतीत एक छोटी दुरुस्तीही आवश्यक आहे. २९ सप्टेंबर २०१७च्या चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले, तो हा पूल नव्हे. ती दुर्घटना स्थानकाच्या पादचारी पुलावर घडली. त्यानंतर लष्कराने तिथे नवा पादचारी पूल उभारला आणि तो फेब्रुवारी २०१८मध्ये खुला झाला. आता पाडला जाणारा पूल वाहनांचा आहे. त्याच्या जागी होणारा दुमजली पूल शिवडी–वरळी उन्नत मार्गाशी जोडला जाणार आहे.

‘आधी नवा बांधा, मग जुना पाडा’ ही मागणी अनेक ठिकाणी झाली आणि ती अजिबात अडाणी नाही. दादरच्या टिळक पुलाबाबत नेमकं तेच चाललं आहे. जुन्या पुलाशेजारी केबलवर तोललेला नवा पूल उभा राहतो आहे आणि तो सुरू झाल्यावरच जुना हटवायचा आहे. जिथे शेजारी जागा आहे, तिथे हे जमतं. एल्फिन्स्टनच्या दोन्ही अंगांना इमारती भिडलेल्या आहेत. तिथे शेजारी पूल बांधायचा म्हणजे आणखी घरांवर हातोडा. मूळ आराखड्यात १९ इमारती बाधित होत होत्या. तो बदलून दुमजली पूल जुन्याच जागेवर आणल्यावर ती संख्या दोनवर आली. म्हणजे पूल बंद ठेवण्याची गैरसोय आणि घरं पाडण्याचं नुकसान यांतून निवड करायची होती. हा हिशेब आराखडा ठरतानाच परळ-प्रभादेवीच्या लोकांपुढे उघडपणे मांडायला हवा होता.

सावित्रीचा नवा पूल १६५ दिवसांत झाला, हे उदाहरण प्रत्येक सभेत निघतंच. मग शहरातल्या एवढ्याशा पुलाला वर्षानुवर्षं का लागतात? इथे तुलनाच चुकते. महाडला पुलाखालून नदी वाहत होती. मुंबईत पुलाखालून दिवसभर लोकल धावतात. रुळांवर काम करायचं तर शेवटची लोकल गेल्यावर आणि पहाटेची पहिली सुटण्याआधी मिळणारे जेमतेम तीन तास हाती असतात. त्यातही ओव्हरहेड वायरचा वीजपुरवठा बंद करून घ्यायचा, क्रेन आणायची, काम करायचं आणि सगळं जागच्या जागी ठेवून मार्ग मोकळा करून द्यायचा. १८६८ सालचा कर्नाक पूल पाडायला नोव्हेंबर २०२२मध्ये २७ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला, तेव्हा मध्य रेल्वेच्या लाखो प्रवाशांचा अख्खा रविवार त्यात गेला. गोखले पुलाच्या गर्डरचे भाग अंबाल्याच्या कारखान्यात घडवले गेले. तिथे २०२३च्या पावसाळ्यात पूर आला आणि अंधेरीचं वेळापत्रक कोलमडलं. सुटे भाग आल्यावर ते रुळांच्या कडेला उंचावर जोडायचे, सुमारे १३०० टनांचा तो सांगाडा रुळांवर सरकवायचा आणि मग जॅकच्या आधाराने थोडा थोडा खाली उतरवायचा. शिवाय शहरातल्या प्रत्येक जुन्या पुलाच्या पोटातून पाण्याच्या वाहिन्या, विजेच्या आणि टेलिफोनच्या केबल गेलेल्या असतात. त्या हलवल्याशिवाय पहिली कुदळही पडत नाही.

तरीही ‘काम अवघड आहे’ या एका वाक्यावर सगळी दिरंगाई माफ करता येत नाही. डिलाईल पूल जुलै २०१८मध्ये बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. मधली करोनाची दोन वर्षं जमेस धरली, तरी लोअर परळच्या लोकांनी सोसलेला काळ फार मोठा होता.

‘रेल्वे म्हणते पालिका, पालिका म्हणते रेल्वे, म्हणजे जबाबदारी कोणाचीच नाही’ ही तक्रार सर्वांत तीव्र असते. वास्तविक वाटणी स्पष्ट आहे. मुंबईत सहसा रुळांवरचा भाग रेल्वेच्या देखरेखीखाली आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते महापालिकेकडे असतात. रुळांवरच्या कामाला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, म्हणजे रेल्वेवरही बाहेरची नजर आहे. गोंधळ होतो तो दोन हद्दी जिथे मिळतात तिथे.

अंधेरीत हे उघड्या डोळ्यांनी दिसलं. गोखले पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ला खुली झाली आणि पश्चिमेकडच्या बर्फीवाला उड्डाणपुलाचं टोक समोर खाली राहिलेलं लोकांनी पाहिलं. पूर्वी दोन्ही पूल एका पातळीत जुळलेले होते. आता मधे माणसाच्या उंचीला भिडेल असा फरक. ‘अभियंत्यांना मोजमाप घेता येत नाही,’ अशी एकच ओरड झाली. वस्तुस्थिती अशी, की रेल्वेच्या नव्या निकषांमुळे नवा पूल उंच करावाच लागला आणि उड्डाणपूल होता तिथेच राहिला. चूक मोजण्यात झाली नव्हती. उंची वाढणार हे ठरलं त्याच दिवशी उड्डाणपूल जोडायचा मार्ग ठरवला गेला नाही आणि लोकांना त्याची कल्पनाही दिली गेली नाही, ही चूक होती. पुढे आयआयटी मुंबई आणि व्हीजेटीआय यांचा सल्ला घेतला गेला. उड्डाणपूल पाडण्याऐवजी त्याची टोकाकडची बाजू जॅक लावून उचलायचं ठरलं. एका अंगाने १३९७ मिलीमीटर, दुसऱ्या अंगाने ६५० मिलीमीटर. खांबांवर आधार वाढवत, मिलीमीटर मोजत तो वर नेला आणि ४ जुलै २०२४ला त्या जोडावरून वाहनं धावली. हे काम खरोखर कौतुकाचं आहे. एवढं कौशल्य हाताशी असताना अंधेरीकरांना चार महिने त्या तुटक्या जोडासमोर उभं करायचं काहीच कारण नव्हतं. संपूर्ण गोखले पूल खुला झाला तो ११ मे २०२५ला, म्हणजे बंद झाल्यानंतर अडीच वर्षांनी.

‘पूल तयार आहे, उद्घाटनासाठी अडवून ठेवलाय’ या शंकेत मात्र तथ्य नसतंच असं म्हणता येणार नाही. काँक्रीटला बळकटी येण्यासाठी ठरावीक दिवस द्यावे लागतात, भारचाचणी करावी लागते, पट्टे, दिवे आणि कठडे उरलेले असतात; वरून गुळगुळीत दिसणारा रस्ता तयार असतोच असं नाही. पण डिलाईल पुलाची एक बाजू काही राजकीय नेत्यांनी रात्री जाऊन खुली केली, पालिकेने ती पुन्हा बंद करून गुन्हा नोंदवला आणि काही दिवसांतच रीतसर उद्घाटन झालं, हेही लोकांनी पाहिलं आहे. भारचाचणीची तारीख आणि तिचा निकाल पुलाच्या तोंडाशी फलकावर लावला, तर ही शंका उरणार नाही.

सर्वांत अन्यायकारक गैरसमज मात्र रहिवाशांविषयी आहे: विरोध करणारे विकासाच्या आड येतात. शीवच्या लोकांनी पूल बंद करणं लांबवायला लावलं, त्यामागे दहावी-बारावीच्या परीक्षा हे एक कारण होतं. परीक्षेच्या सकाळी धारावीतून शीवला पोहोचायला किती वेळ लागेल, हे ज्याच्या घरात परीक्षार्थी आहे तोच जाणतो. परळच्या रहिवाशांनी पुनर्वसन त्याच परिसरात आणि लेखी हमीवर मागितलं. ज्यांची शाळा, नोकरी, दवाखाना आणि चार पिढ्यांचा शेजार तिथेच आहे, त्यांनी आणखी काय मागायचं? केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं परळच्या बाजूला आहेत आणि प्रभादेवीकडून येणाऱ्या रुग्णाला आता वळसा पडतो. करी रोडचा पूल सकाळी सात ते दुपारी तीन एका दिशेने, तीन ते रात्री अकरा उलट दिशेने आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी अशी व्यवस्था झाली. रुग्णवाहिकेच्या चालकाने दुपारी तीन वाजता कोणता रस्ता धरायचा हे आता त्याला घड्याळ पाहूनच ठरवावं लागतं.

आणि पायी चालणारे? वाहनांना वळसा घालता येतो. डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईला किंवा दप्तर पाठीवर टाकलेल्या मुलाला दोन किलोमीटरचा वळसा परवडत नाही. हँकॉक पूल पाडला तेव्हा तिथे पर्यायी पादचारी पूल नव्हता. माणसं रूळ ओलांडू लागली, त्यात जीव गेले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. नव्या पुलावरून वाहनं जायला लागली ती ऑगस्ट २०२२मध्ये, साडेसहा वर्षांनी. म्हणून कोणत्याही वस्तीत पूल बंद होण्याची नोटीस लागली, की पहिली मागणी पायवाटेची असावी: रेल्वेच्या पादचारी पुलावर तिकिटाशिवाय ये-जा करता येईल का, तिथे रॅम्प किंवा लिफ्ट आहे का, रात्री दिवे असतील का. त्यानंतर मंजूर आराखड्याची प्रत, ब्लॉकचं वेळापत्रक आणि नव्या पुलाची पातळी शेजारच्या रस्त्याशी कुठे जुळणार हे दाखवणारा नकाशा. ही कागदपत्रं माहितीच्या अधिकारात मागता येतात आणि ती पूल पाडायच्या आधी मागायची असतात.