सूर्यातून किती सोडलं?

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीच्या मावशीला फोन लावला, की ‘कशी आहेस’ वगैरे नंतर. आधी बातमी : ‘‘कोयनेतून सोडलंय म्हणे. आयर्विनला किती होतंय बघायचं!’’ तिकडे सातारा जिल्ह्यात धरणाचे दरवाजे उघडले, की इकडे सांगलीत खालच्या खोलीतलं सामान माडीवर जायला लागतं. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट! तेव्हापासून तर हा हिशेब लहान पोरांनाही पाठ आहे.

पुण्या-मुंबईत एसीत बसून तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? तर बॉस, असाच एक प्रवाह आपल्या सगळ्यांच्या डोक्यावरून वाहतोय. बारा महिने, चोवीस तास. पाण्याचा नाही, सूर्याचा. त्याचं नाव सौरवारा.

हा वारा येतो कुठून?

सूर्याचं बाहेरचं वातावरण दहा लाख अंशांहून जास्त तापलेलं असतं. एवढ्या उष्णतेत तिथले विद्युतभारित कण सूर्याला धरून राहत नाहीत. ते सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर वेगाने बाहेर सुटतात आणि जाताना सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही सोबत ओढत नेतात. १९५८ मध्ये युजीन पार्कर यांनी हे गणितानं मांडलं, तेव्हा दोन परीक्षकांनी पेपर चक्क नाकारला. संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. कल्पना त्यांनाही पटली नव्हती, पण गणितात चूक सापडेना. मग त्यांनी तो छापला! १९६२ मध्ये मरिनर-२ यानानं सौरवारा प्रत्यक्ष मोजला.

पण हा वारा एकसारखा वाहत नाही. त्यात लाटा असतात, झटके असतात. ते येतात कुठून, हाच खरा इंटरेस्टिंग प्रश्न आहे. उत्तरासाठी पुन्हा कृष्णाकाठी जाऊ.

काही वरून, काही वाटेत

सांगलीत पाणी का चढलं? एक कारण वरचं : कोयनेचे दरवाजे. दुसरं वाटेतलं : कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना येऊन मिळते, पुढे हरिपूरला वारणा, आणि पाण्याला फुग येते.

सौरवाऱ्याचंही तसंच. चुंबकीय रेषा म्हणजे ताणलेली तार समजा. तिला मुळाशी टिचकी मारली, की लाट तारेवरून पुढे पळते. स्वीडनच्या हानेस आल्फव्हेन यांनी १९४२ मध्ये अशा लाटांचं भाकीत केलं आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सौरवाऱ्यातल्या या लाटा मोजल्या, तर बहुतेक सूर्याकडून बाहेरच्या दिशेनं जाताना दिसल्या. वाटेतच तयार झाल्या असत्या, तर दोन्ही दिशांना पळताना दिसल्या असत्या. म्हणजे त्यांचं माहेर सूर्याजवळच!

मग काही झटके वाटेत तयार होतात, ते कसे? वेगवान वारा मागून येऊन संथ वाऱ्याला गाठतो, ढकलतो, आणि मध्ये चुंबकीय क्षेत्र दाबलं जातं. मे २०२४ मध्ये सूर्यानं एकामागोमाग एक अनेक ढग फेकले. मागचे पुढच्यांना गाठत गेले आणि पृथ्वीवर दोन दशकांतलं सगळ्यात मोठं चुंबकीय वादळ आलं. लडाखमध्ये हानलेचं आकाश लाल झालं होतं.

२०१८ मध्ये निघालेल्या पार्कर यानाला सूर्याजवळ आणखी एक गंमत दिसली : चुंबकीय रेषा अचानक उलट वळण घेते आणि पुन्हा सरळ होते. हे वळण सूर्याच्या पृष्ठभागाजवळ रेषा तुटून-जुळून होतं, की साध्या लाटाच वाटेत वाढून उलटतात? यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून रंगलेला आहे. २४ डिसेंबर २०२४ ला हे यान सूर्यापासून फक्त ६१ लाख किलोमीटरवर जाऊन आलं. उगमाच्या जास्तीत जास्त जवळ जायचं, एवढ्यासाठीच सगळा खटाटोप.

आपल्याला काय फरक पडतो?

पडतो! फेब्रुवारी २०२२ मध्ये एका साध्या वादळानं वरची हवा फुगली आणि स्टारलिंकचे ४९ पैकी ३८ नवे उपग्रह गेले. जीपीएस, विमानांचा रेडिओ, वीजवाहिन्या, सगळे याच्या टप्प्यात येतात. मोठ्या वादळाची जुनी नोंदही आपल्याच मुंबईत आहे. २ सप्टेंबर १८५९ ला कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लानं घसरलं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही मोजणी अलिबागला हलली. तिथली वेधशाळा १९०४ पासून आहे. वीकएंडला बीचवर जाताना आठवा.

आणि योगायोग बघा, आपलं ‘आदित्य-एल१’ उडालं तेही २ सप्टेंबरलाच, २०२३ मध्ये! त्यावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’नं बनवलीय. ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला उभं आहे. तिथं बसून ते सौरवारा आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र मोजतं.

अडचण एकच. येणाऱ्या ढगातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल, तर धोका मोठा. पण ते कळतं ढग या ठिकाणी पोचल्यावर, म्हणजे हातात उरतो अर्धा-पाऊण तास. आयर्विनवर उभं राहून पूर मोजण्यासारखंच. सूर्यावरून निघतानाच कोणता झटका उठला आणि वाटेत त्याचं काय होणार, हे नीट कळलं, तर हाच वेळ एक-दोन दिवसांचा होईल. उगम शोधायचा, तो त्यासाठी.

मावशीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘म्हणजे त्यांनाबी धरणावरनं वेळेत फोन आला पाहिजे की!’’

अगदी तेच, मावशी.