मिळकतकराची आकारणी आणि आपली सवलत

पुणे महानगरपालिकेचे मिळकतकराचे बिल घरी आले की आपण प्रथम पाहतो ती एकूण रक्कम. गेल्या वर्षीपेक्षा ती वाढलेली दिसली तर महानगरपालिकेला चार शब्द सुनावतो आणि मुदत संपण्यापूर्वी पैसे भरून मोकळे होतो. वास्तविक त्या बिलातील पाहण्याजोगा आकडा वेगळाच असतो. त्याचे नाव ‘वार्षिक करपात्र रक्कम’. बाकीचे सर्व कर या एका आकड्यावर टक्केवारीने बसतात. हा आकडा कसा ठरतो, तो कमी कसा होतो आणि चुकला असेल तर काय करावे, हे सभासद बंधुभगिनींनी व विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे म्हणून हा लेख आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम हा मूळचा १९४९ सालचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. त्यातील करविषयक नियमांची कल्पना अशी की, एखादे घर वर्षभर भाड्याने दिले तर वाजवीपणे किती भाडे येईल याचा अंदाज करावा आणि दुरुस्ती-देखभालीसाठी दहा टक्के वजा करून उरलेल्या रकमेवर कर आकारावा. घरमालक स्वतः राहतो की भाडेकरू ठेवतो, याचा मूळ हिशोबाशी संबंध नाही. म्हणजे आयुष्यभराच्या कमाईतून दोन खोल्या घेणारा गिरणी कामगार किंवा सफाई कामगार एक पैसाही भाडे घेत नसताना, तो भाडे घेतो असे धरूनच त्याच्यावर कर बसतो. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत स्वीकारली. पुण्यात मात्र भाडेमूल्याचीच पद्धत चालू आहे.

उदाहरणाने पाहू. दर फक्त समजण्यासाठी गृहीत धरला आहे. घराचे आकारणीयोग्य क्षेत्र ५०० चौरस फूट आणि दरमहा भाड्याचा दर चौरस फुटास २ रुपये धरला, तर महिन्याचे १,००० व वर्षाचे १२,००० रुपये होतात. दहा टक्के वजा जाता करपात्र रक्कम १०,८०० रुपये. आता घरमालक स्वतः राहतो म्हणून ४० टक्के सवलत धरली तर १२,००० चे ७,२०० होतात आणि दहा टक्के वजा जाऊन ६,४८० रुपये उरतात. तेच घर, त्याच भिंती. पण करपात्र रकमेत ४,३२० रुपयांचा फरक. क्षेत्रफळ चुकीने ५०० ऐवजी ६०० लिहिले गेले, किंवा वापर ‘निवासी’ऐवजी ‘बिगरनिवासी’ लागला, तरी असाच फरक उलट्या दिशेने पडतो आणि तो दरवर्षी पडत राहतो.

या रकमेवर सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, वृक्षकर, पाणी व मलनि:सारणाशी संबंधित कर असे निरनिराळे कर लागतात. शिक्षण कर राज्य शासनाचा असतो. महानगरपालिका तो गोळा करून शासनाकडे देते. महानगरपालिकेच्या करांचे दर सभागृहाने दरवर्षी २० फेब्रुवारीच्या आत ठरवावेत असे कायदा सांगतो. ते दर सर्वांना सारखे असल्यामुळे एकट्यादुकट्याने त्यांविरुद्ध फारसे काही करता येत नाही. तो सभागृहातील प्रतिनिधीने भांडण्याचा विषय आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला होता, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावी.

आता ४० टक्के सवलतीविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त गोंधळ याच बाबतीत झाला आहे. १९७० मध्ये पुणे महानगरपालिकेने ठराव करून, जो मालक स्वतः आपल्या घरात राहतो त्याला ही सवलत दिली. त्याच ठरावाने देखभालीची वजावट दहाऐवजी पंधरा टक्के केली. पुणेकरांच्या दोन पिढ्या या सवलतीत वाढल्या आणि ती आपल्या हक्काचीच आहे असे सर्वांनी धरले. परंतु कायद्यात तिचा स्पष्ट आधार नव्हता. आधार होता तो फक्त ठरावाचा. पुढे लेखापरीक्षणात हरकत निघाली आणि २०१९ मध्ये राज्य शासनाने तो ठराव रद्द ठरविला. १ एप्रिल २०१९ पासून ज्या नव्या घरांची आकारणी झाली त्यांना सवलतीशिवाय बिले आली. त्यामुळे एकाच सोसायटीत जुन्या इमारतीतील सभासद सवलतीचा कर भरतो आणि नव्या इमारतीतील पूर्ण, असा प्रकार घडला. शिवाय घरोघरी झालेल्या सर्वेक्षणात ‘मालक स्वतः राहत नाही’ अशी नोंद झाल्याने अनेक जुन्या घरांचीही सवलत गेली. नोकरीला गेलेल्या कुटुंबाच्या दाराला दिवसा कुलूप असते, ही साधी गोष्ट अशा सर्वेक्षणात सहज निसटते.

मोठा असंतोष झाल्यानंतर २०२३ मध्ये शासनाने ही सवलत पुन्हा मान्य केली. देखभालीची वजावट मात्र पंधरावरून कायद्याप्रमाणे दहा टक्क्यांवर आली. वरच्याच उदाहरणात पंधरा टक्क्यांनी करपात्र रक्कम ६,१२० झाली असती, ती आता ६,४८० होते. सवलत कायम असूनही २०२३ नंतर बिल थोडे वाढले, त्याचे एक कारण हे आहे.

परंतु सवलत परत आली म्हणजे ती प्रत्येकाच्या बिलात आपोआप आली असे नव्हे. १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या आणि सर्वेक्षणामुळे सवलत गमावलेल्या मालकांनी ‘पीटी-३’ हा अर्ज भरून द्यावा असे ठरले. मुदत नोव्हेंबर २०२३ ची दिली होती. पुढे ती वाढवावी लागली. अर्जासोबत आपण त्याच घरात राहतो असे सोसायटीचे पत्र, मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, गॅस कार्ड, शिधापत्रिका यांसारखा पुरावा आणि पुण्यात दुसरी मिळकत असल्यास तिच्या कराच्या बिलाची प्रत मागितली गेली. अर्ज मंजूर झालेल्यांनी पूर्वी भरलेली जादा रक्कम पुढील बिलांतून वळती करण्याचे ठरले. आपल्या लोकांची अडचण अशी की, सदनिका वडिलांच्या नावावर, शिधापत्रिका जुन्या वस्तीच्या पत्त्यावर आणि मतदार यादीत नाव तिसरीकडेच. घर आपले, राहतो आपण, पण कागद तसे बोलत नाहीत. नव्या घरात गेल्यावर पत्ते बदलून घेण्याचा कंटाळा येतो, आणि तो कंटाळा बिलात ४० टक्क्यांना पडतो.

दुसरा एक गैरसमज मुंबईच्या बातम्यांमुळे पसरला आहे. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ झाला. ती माफी बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील आहे. येरवडा, बोपोडी किंवा पर्वती येथील ४०० फुटांच्या घराला तिचा आधार घेता येणार नाही. ‘लहान घर आहे, कर लागत नाही’ असे कोणी सांगितले म्हणून बिल बाजूला ठेवले, तर थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. वर्षाचे हे चोवीस टक्के झाले.

इतर सवलती थोडक्यात सांगतो. वर्षाच्या सुरुवातीला, बिलावर छापलेल्या मुदतीत पूर्ण कर भरल्यास सर्वसाधारण करात पाच किंवा दहा टक्के सूट मिळते. सौरऊर्जा, गांडूळखत प्रकल्प व पर्जन्यजल संधारण चालू स्थितीत असल्यासही सूट आहे; मात्र प्रकल्प बंद पडून नुसता सांगाडा उरला असेल तर ती मागू नये. माजी सैनिक व त्यांच्या विधवा पत्नींसाठी २०२० पासून बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली एका घरापुरती करमाफी आहे. आपल्या समाजात सैन्यात सेवा केलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. तरीही या योजनेचा अर्ज न केलेली घरे आढळतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या दाखल्यासह क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करावी.

शेजारच्या वाड्याला कर इतका कमी आणि आम्हाला इतका जास्त का, असे नेहमी विचारले जाते. याला दोन कारणे आहेत. जुन्या भाडेकरूंच्या वाड्यांवर १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे बंधन होते, आणि अशा घरांचे करपात्र मूल्य कायदेशीर प्रमाणभाड्यापेक्षा जास्त धरता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दिवाण दौलतराय कपूर यांच्या खटल्यात दिला. (विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी तो मुळातून वाचावा.) दुसरे असे की, आकारणी ज्या वर्षी झाली त्या वर्षीचा दर पुण्यात त्या घराला चिकटून राहतो. सारख्याच दोन घरांपैकी नंतर नोंद झालेले घर जास्त कर भरते. ही विषमता मला योग्य वाटत नाही. परंतु ‘शेजाऱ्याला कमी आहे’ एवढ्या कारणाने आपली आकारणी कमी होत नाही, हेही खरे. शहराच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. (त्यांपैकी फुरसुंगी व उरुळी देवाची यांची २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद झाली.) अशा भागात पूर्ण कर एकदम न लावता टप्प्याटप्प्याने वाढविण्याची तरतूद कायद्यात आहे. तेथील सभासदांनी आपला टप्पा तपासावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घराची प्रथमच आकारणी होते किंवा करपात्र रक्कम वाढविली जाते, तेव्हा महानगरपालिकेने मालकास किंवा भोगवटादारास विशेष नोटीस देणे आवश्यक असते. ही नोटीस साध्या कागदावर, साध्या भाषेत येते, आणि बिल नाही म्हणून बऱ्याच घरांत ती देव्हाऱ्यामागे किंवा टीव्हीखाली जाऊन पडते. हरकत घेण्याची मुदत तिच्यावर लिहिलेली असते आणि ती थोड्या दिवसांचीच असते. या मुदतीत लेखी हरकत दिली तर सुनावणी होते. क्षेत्रफळ कोठे चुकले, वापर कोणता, स्वतः राहतो की नाही, हे पुराव्यासह तेथे मांडता येते. निकाल न पटल्यास अधिनियमाच्या कलम ४०६ प्रमाणे पंधरा दिवसांत पुण्याच्या लघुवाद न्यायालयात अपील करता येते. परंतु अपिलाला दोन अटी आहेत. आधी मुदतीत हरकत घेतलेली असली पाहिजे, आणि वादातील कराची रक्कम भरलेली असली पाहिजे. म्हणजे त्या साध्या कागदाला उत्तर दिले नाही, तर न्यायालयाचे दारही बंद होते. पेठ निरीक्षकाशी तोंडी बोलणे झाले, त्यांनी ‘पाहतो’ म्हटले, याला हरकत म्हणत नाहीत. अर्ज लेखी द्यावा, मिळकत क्रमांक लिहावा आणि पोच घ्यावी.

कराची पावती आणि मालकी यांचीही गल्लत होते. करआकारणीच्या पुस्तकात नाव असणे म्हणजे कर कोणाकडून घ्यायचा याची नोंद. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. केवळ ‘घरपट्टी माझ्या नावावर आहे’ असे सांगून कोणी खोली विकत असेल, तर विद्यार्थ्यांनी आपल्या पालकांना वेळीच सावध करावे. त्याचप्रमाणे विनापरवाना बांधकामावर कर घेतला म्हणून ते बांधकाम अधिकृत होत नाही. उलट कलम २६७-अ प्रमाणे त्यावर मिळकतकराच्या दुप्पट शास्ती लागू शकते. मात्र घर घेतल्यावर आपले नाव लावून घेणे टाळू नये. खरेदीनंतर तीन महिन्यांच्या आत हस्तांतरणाची सूचना देणे कायद्याने बंधनकारक आहे. वडील वारल्यावर वारसांची नावे लावण्याचे कामही वर्षानुवर्षे पडून राहते, आणि सवलतीचा अर्ज करायची वेळ येते तेव्हा अर्जदार हयात नसतो.

शेवटी विहार आणि संस्थांच्या इमारतींविषयी. कलम १३२ प्रमाणे जी इमारत किंवा तिचा जो भाग केवळ सार्वजनिक उपासनेसाठी वा सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरला जातो, त्याला सर्वसाधारण करातून सूट आहे. पाणी, सफाई वगैरेंचे कर त्यामुळे सुटत नाहीत. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे एवढ्याने भागत नाही. प्रत्यक्ष वापर पाहिला जातो. वर उपासनागृह व अभ्यासिका आणि खाली भाड्याने दिलेले दोन गाळे असतील, तर गाळ्यांना ही सूट मिळेल असे गृहीत धरू नये. मात्र गाळ्यांमुळे वरच्या मजल्याची सूट जाऊ नये, यासाठी एकाच मिळकतीचे भाग वेगळे धरून आकारणी करण्याची सोय कायद्यात आहे. लग्नसमारंभासाठी सभागृह पैसे घेऊन देणाऱ्या संस्थांनी तो हिशोब स्वतंत्र ठेवलेला बरा. अर्ज करताना मंजूर नकाशाची प्रत घेऊन कोणता भाग कशासाठी वापरला जातो ते त्यावर दाखवावे, प्रत्येक भागाचे क्षेत्रफळ लिहावे, न्यासाचा नोंदणी दाखला व लेखापरीक्षित हिशोब जोडावेत, आणि आकारणी पुस्तकात त्या भागांची स्वतंत्र नोंद करून मागावी.